कुंकवाचा लाल

"हाही मेलेला आहे," दिगंबर म्हणाला आणि खुर्ची मागे सरकवून उठला.

दुकानाचे मालक नंदकुमार चौगुले यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच पर्सची चेन उघडली, लावली. सकाळपासून त्यांनी आमच्यापुढे किती संगणक जोडून दाखवले असतील, ते त्यांनाही आठवत नसावं. टेबलावर वायरींचा गुंता झाला होता, पायाखाली थर्माकोल करकरत होतं, आणि प्रत्येक पडद्यावर एकच फोटो लागला होता. आमच्या दारातल्या जास्वंदीचा. तो दिगंबरने स्वतः काढलेला होता आणि सीडीवर घालून तो आम्ही गावोगाव फिरवत होतो.

"साहेब, मेलेला म्हणजे काय ते तरी सांगा की," चौगुले म्हणाले. "कालच खोक्यातनं काढलाय. कोल्हापुरातले निम्मे डिझायनर ह्याच्यावर काम करतात."

"फूल पानांत बुडतंय. तुम्हाला दिसत नाही? त्याची कड कुठे आहे सांगा."

चौगुल्यांनी वाकून पाहिलं. मीही पाहिलं. मला फूल स्वच्छ दिसत होतं, लालभडक, पाकळ्यांवरच्या शिरांसकट. पण रंगाच्या बाबतीत माझ्या डोळ्यांना आमच्या घरात किंमत नव्हती, आणि ती नसावी हे मीच लग्नाआधीपासून मान्य करून बसले होते. दिगंबर शेटे मला बघायला आला तेव्हा पोहे खाता खाता माझ्या आईला म्हणाला होता, "साडी छान आहे हो, फक्त काठ मागाहून रंगवून घेतलेत." आईचा चेहरा पडला, कारण ते खरं होतं. आमचं सगळं घर त्याच्यावर चिडलं. मला मात्र इतकं हसू आलं की मी होकार देऊन टाकला. असा माणूस एखाद्या पडद्याला मेलेला म्हणत असेल, तर तिथे मी काय बोलणार?

त्याच्यासमोर मी 'अहो' म्हणते. मनातल्या मनात मात्र पहिल्या दिवसापासून एकेरीच, म्हणून इथेही तसंच लिहिते आहे.

कराडात आमचं दुकान होतं. लग्नपत्रिका, कॅलेंडरं, दुकानांच्या पाट्या. मराठी टायपिंग आणि प्रुफं माझ्याकडे, डिझाईन त्याच्याकडे. डबड्यासारखे जाडजूड मॉनिटर जाऊन पातळ पडदे यायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या दुकानात लोक गप्पा मारायला येत आणि पत्रिका टाकून जात, कारण शेट्यांचा लाल म्हणजे लाल, असं आसपासच्या गावांत बोललं जायचं. कुंकवाचा लाल वेगळा, जास्वंदीचा वेगळा, पैठणीच्या काठातला वेगळा, हे तो गिऱ्हाइकाला बसवून शिकवायचा. गिऱ्हाइकाला वेळ नसला तरी शिकवायचा.

मग त्याला खोकला लागला. तो जाईना, ताप येऊ लागला, सदरे खांद्यावरून ओघळू लागले. तपासणीत टीबी निघाला. हे आम्हा दोघांत आणि डॉक्टरांत राहिलं. बाहेर कळलं असतं तर लोकांनी आमच्याकडची पत्रिका रुमालात धरून नेली असती. रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या. मी वाटीत काढून द्यायची, तो एका घोटात गिळायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, लघवी लालसर होईल, घाबरू नका, औषधाचा रंग आहे. पहिल्याच आठवड्यात हा न्हाणीघरातून ओरडला, "चारू, अस्सल केशरी! छापखान्यात असा येत नाही गं!" आजारपणात घरात पिकलेला तो पहिला हशा होता.

पुढे खोकला थांबला. वजन चढलं. एक दिवस तो म्हणाला, "तो केशरी रंग गेला गं आता." शरीराला औषधाची सवय झाली असेल, असं वाटून मी खूश झाले. डॉक्टरही खूश होते. संकट टळलं म्हणून मी देवापुढे नारळ फोडला, आणि नेमका त्याच सुमारास आमचा संगणक बिघडला.

बिघडला म्हणजे चालू होता, पण त्यातला लाल गेला, असं दिगंबरचं म्हणणं. आधी म्हणाला मळकट झालाय. मग म्हणाला काळा पडतोय. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, त्याने केबल बदलली, आतलं कार्ड बदललं, आणि म्हणाला, "काका, सगळं ओके आहे." दिगंबरने त्याला जवळजवळ हाकलून दिलं. मीसुद्धा त्या मुलाला मनात चार शिव्या घातल्या.

छापून आलेलं कामही परत येऊ लागलं. कुंकू काळपट दिसतं म्हणून हा ते संगणकावर उजळत न्यायचा आणि छापून यायचं ते भलतंच. शेवटी हणमंतराव डुबल आले. त्यांच्या घरातल्या सगळ्या लग्नांच्या पत्रिका आमच्याकडे झालेल्या, पार माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून. आता धाकट्या मुलीचं लग्न होतं. त्यांनी पत्रिकेचा नमुना काउंटरवर ठेवला, फेकला नाही, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली.

"शेटे, ह्ये काय हाय?"

"काय झालं हणमंतराव?"

"कुंकू हाय का सरबत? फिकं गुलाबी कुंकू, माझ्या लेकीच्या पत्रिकेवर? घरातल्या बायका हात लावंनात तिला. देवापुढं ठेवायची कशी म्हणत्यात."

दिगंबरने नमुना उचलला आणि दाराशी उजेडात नेला. पाठमोरा उभा राहिला. बराच वेळ. मी त्याच्या मानेकडे बघत होते. आजारपणात बारीक झालेली ती मान अजून भरली नव्हती.

"पडदा खोटं दाखवतोय," तो वळून म्हणाला. "मशीनच गेलंय आमचं. नवीन आणतोय."

"नवं आना न्हाय तर जुनं दुरुस्त करा. मला सोमवारी पत्रिका पायजे. आजवर कुटं गेलो न्हाय दुसरीकडं, म्हणून थांबलोय. पण शेटे, लेकीचं लगीन हाय. परत असं झालं तर मला जावं लागंल, आनि मी गेलो तर बाकीचे काय थांबायचे न्हाईत. राग मानू नका."

राग मानण्यासारखं काही नव्हतंच. ते गेल्यावर दिगंबरने तो नमुना घडी करून खिशात घातला. मला वाटलं, फाडून फेकेल.

संगणक बघायला आम्ही आधी पुण्याला गेलो, मग सांगलीला. पैशांची सोय कशी केली ते सांगत बसत नाही, केली. पण कुठलाच पडदा त्याला पटेना. विक्रेते आधी 'सर, सर' करत, मग चहा सांगत, मग आपापसांत हसत. पुण्यात एकाने तोंडावर विचारलं, "काका, तुम्हाला नक्की घ्यायचाय ना?" मी त्याला चांगलं सुनावलं. ज्याला आयुष्यात पोपटी आणि शेवाळी यांतला फरक कळणार नाही, त्याने माझ्या नवऱ्याला हसावं? परतीच्या एसटीत मी ते सगळं पुन्हा बोलून दाखवत होते आणि तो खिडकीबाहेर बघत होता.

कोल्हापूरला निघालो ती शनिवारची सकाळ. मी पर्समध्ये कुंकवाचा करंडा टाकला, कारण मशीन मिळालं की दुकानातच त्यावर कुंकू लावायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. सासऱ्यांनी छपाईचं पहिलं यंत्र घेतलं तेव्हापासून. दिगंबर उंबऱ्यात उभा राहून माझ्याकडे बघत होता.

"काळी टिकली कशाला लावलीस?" तो म्हणाला. "चांगल्या कामाला निघालोय."

"मरून आहे ती."

"काळी आहे."

"मरून आहे! एवढे रंगवाले ना तुम्ही? सकाळी सकाळी माझ्या कपाळाला कशाला नावं ठेवता?"

तो गप्प बसला. तसा गप्प बसणारा माणूस नव्हता तो. मला वाटलं, बिचारा आधीच घाबरलेला आहे, शुभाशुभ डोक्यात घोळतंय. मी आत गेले, टिकली काढली आणि मेणावर चांगलं ठसठशीत कुंकू लावून बाहेर आले. "घ्या, झालं समाधान?" त्याने एकदा माझ्या कपाळाकडे पाहिलं आणि चपला घातल्या.

एसटीत कासेगाव मागे पडल्यावर म्हणाला, "चारू, हे शेवटचं. इथे नाही मिळाला तर दुकान बंद करू."

"काहीतरी काय बोलता?"

"ज्याला रंग देता येत नाही त्याने कसलं दुकान चालवायचं?"

"अहो, मशीनचा दोष आहे, तुमचा आहे का?"

यावर तो हसला. कसं ते सांगता यायचं नाही. ते हसू मला आवडलं नाही एवढंच आठवतं.

तर असे आम्ही चौगुल्यांच्या दुकानात येऊन थडकलेलो. त्यांनी पातळ पडदे दाखवून संपवले, महागातला एक गोडाऊनमधून मागवला. दिगंबर प्रत्येकासमोर बसायचा, जास्वंद उघडायचा, नाक पडद्याला लागेल इतका पुढे वाकायचा, मग मागे व्हायचा. डोळे चोळायचा. बटणं दाबून उजेड कमीजास्त करायचा. 

"काहीतरी खा आधी," मी म्हटलं.

"नको."

"वहिनी, एक सांगू का?" चौगुले हळूच म्हणाले. "माझ्या स्वतःच्या टेबलावर जुना जाड काचेचा मॉनिटर हाय. असला माल आता येत नाही. रंगाला त्याच्यासारखा बाप नाही. साहेबांसाठी तो काढून देतो, जाऊ दे."

त्यांनी तो उचलून आणला. धापा टाकत आणला, कारण ते धूड सोपं नव्हतं. जोडला, काच पुसली, जास्वंद उघडली. मी तर बघतच राहिले. फूल इतकं जिवंत दिसत होतं की तोडून घ्यावं. मी मनात गणपतीचं नाव घेतलं आणि दिगंबरकडे पाहिलं.

तो बसला होता. वाकला नाही, बटणं दाबली नाहीत. नुसता बघत राहिला. रस्त्यावरून बँडची गाडी वाजत गेली, तरी मान हलली नाही.

"कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला आहे."

"खरंच?"

"हो. हाच घेऊ. बांधा हा, चौगुले." तो उठला. "मी जरा तोंड धुऊन येतो."

मी पर्समधून करंडा बाहेर काढला. चौगुल्यांना घाम आला होता, ते शर्टाच्या बाहीला कपाळ पुसत हसले. "सुटलो बघा वहिनी! कुंकू आणलंय न्हवं? लावा, शुभ असतंय."

मॉनिटरसोबत घ्यायचं संगणकाचं नवं खोकं पांढऱ्याशुभ्र पत्र्याचं होतं. मी करंडा उघडला, थेंबभर पाण्यात कुंकू कालवलं आणि बोटाने त्याच्या अंगावर स्वस्तिक काढलं. सावकाश, चारही टिंबं नीट देऊन. दुकान वाचलं, असं मी प्रत्येक रेघेला म्हणत होते.

दिगंबर रुमालाने तोंड पुसत आला आणि थबकला.

"हे काय केलंस?"

"काय?"

"हे काळं काय काढलंयस? शाईनं? चारू, तुला काही अक्कल? लग्नाच्या पत्रिका करायच्यात यावर! सकाळी कपाळाला काळं, आता मशीनला काळं! काय चाललंय काय तुझं?"

तो ओरडत होता. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो माझ्यावर असा ओरडला नव्हता. दारातली दोन माणसं आत डोकावली. चौगुले एकदा त्याच्याकडे, एकदा स्वस्तिकाकडे बघत राहिले.

"साहेब," ते म्हणाले, "कुंकू हाय ते."

"काय?"

"कुंकू. वहिनींनी करंड्यातनं लावलं. माझ्यासमोर."

 मी बोट वर धरलं. ते अजून ओलं होतं. दिगंबरने माझ्या बोटाकडे पाहिलं, मग कपाळाकडे, मग पुन्हा बोटाकडे.  रागाने लाल झालेला त्याचा चेहरा पांढरा पडत गेला, आणि मला एकदम वाटलं की हा आता पडणार. मी त्याला धरून तिथल्याच एका खोक्यावर बसवलं.

"अहो, हे कसं दिसतंय तुम्हाला? खरं सांगा."

त्याने मान खाली घातली.

"माझी शपथ आहे."

"सकाळी तू टिकली बदलून आलीस ना," तो अगदी हळू म्हणाला. "मला दोन्ही सारख्याच दिसल्या."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर खरं झालं असतं."

"पडद्याचं काय? हा चांगला आहे म्हणालात ते?"

"सगळे सारखेच आहेत, चारू. सगळ्यांवर फूल काळं आहे. आपल्या घरच्यावर, पुण्यातल्यांवर, सगळ्यांवर." त्याने खिशातून डुबलांच्या पत्रिकेचा तो नमुना काढला. घड्या पडून पडून तो मऊ झाला होता. "ह्याच्यावरचं कुंकू मला बरं दिसतंय. हणमंतराव म्हणाले फिकं गुलाबी आहे. मी तेव्हाच समजायला हवं होतं. समजलोही होतो. पण वाटायचं, नवीन मशीन बघू. पुण्यात मिळेल, सांगलीत मिळेल. एखाद्या तरी पडद्यावर लाल दिसेल."

आणि तो रडायला लागला. परक्या दुकानात, परक्या माणसांसमोर. चौगुले पाठ करून उभे राहिले आणि एकेक पडदा बंद करत गेले. माझ्या डोळ्यांसमोर जास्वंदी विझत चालल्या होत्या आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य घुमत होतं.

पहिल्या दिवशी औषधाची चिठ्ठी लिहिताना डॉक्टर म्हणाले होते, "यातल्या एका गोळीचा क्वचित डोळ्यांवर परिणाम होतो. नजर अंधुक झाली, रंगात फरक वाटला, तर त्याच दिवशी या." त्यावर दिगंबर हसून म्हणाला होता, "डॉक्टर, रंगातला फरक माझ्याइतका लवकर कोणाला कळणार? धंदाच आहे तो." डॉक्टरही हसले होते. मीही. आणि फरक खरोखरच त्याला सगळ्यांत आधी कळला होता. फक्त ज्याचा जन्म रंगात गेला, त्याला तो फरक पडद्यात दिसला, कागदात दिसला, छापखान्याच्या शाईत दिसला. दुसऱ्या कोणालाही आपले डोळे आधी आठवले असते. केशरी रंग गेला म्हणाला होता, तोही गेलेला नव्हता.

मी चौगुल्यांच्या फोनवरून कराडला डॉक्टरांना फोन लावला.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

मी रिसीव्हरवर हात ठेवून दिगंबरला विचारलं. "दिवाळीपासून," तो म्हणाला. दिवाळी जाऊन संक्रांतही होऊन गेली होती.

 डॉक्टर भराभर बोलू लागले. ती एक गोळी आजपासून बंद. बाकीच्या मनाने बंद करायच्या नाहीत, एकही नाही, त्या चालूच राहतील, त्या एकीच्या जागी दुसरी मी देतो. आणि आत्ताच्या आत्ता, तिथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, घरी यायची वाट बघू नका.

चौगुले दुकान तसंच टाकून आम्हाला त्यांच्या गाडीतून घेऊन गेले. डोळ्यांच्या डॉक्टर वयस्क बाई होत्या. त्यांनी दिगंबरसमोर रंगीत ठिपक्यांचं एक जाड पुस्तक धरलं. ठिपक्यांत आकडे होते. मला खुर्चीवरून दिसत होते, बारा, आठ, एकोणतीस. दिगंबरने पहिला आकडा सांगितला. मग पानं उलटत गेली आणि तो गप्प होत गेला.

"यात आकडा आहे?" त्याने विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

त्यांनी पुस्तक मिटलं. "डोळ्यांच्या नसेवर परिणाम झालाय. औषध थांबवलं की पुष्कळांचं परत येतं. महिने लागतात, वर्षही लागतं. काहींचं येत नाही. थोडं आधी आला असतात तर..." 

परतीच्या एसटीत आमच्याजवळ संगणक नव्हता. चौगुले म्हणाले होते, "ते मशीन राहू दे वहिनी. कुंकू लागलेलं दुसऱ्याला विकणार नाही. कधी लागलं तर सांगा." आम्ही कधी सांगितलं नाही. आमच्या संगणकाला काही झालेलंच नव्हतं.

सोमवारची पत्रिका मी केली. म्हणजे हात माझे. तो माझ्यामागे खुर्ची घेऊन बसला आणि पडद्याकडे पाठ केली. छपाईचे रंग चार शायांच्या मापांनी ठरतात आणि ती मापं त्याला तोंडपाठ होती. "मजेंटा शंभर. पिवळा शंभर. आता त्यात काळा, अगदी चिमूटभर. झालं? आता बघ कसं दिसतंय."

"कुंकवासारखं."

"नीट बघ. जास्वंदीसारखं नाही ना?"

"नाही. कुंकवासारखंच."

"मग सोड छापायला."

मला नीट दिसत होतं. आधीही दिसतच होतं. पण त्याने माझ्या डोळ्यांना हे विचारण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि मी ते असं मागितलं नव्हतं.

हणमंतराव पत्रिका घेऊन दारात उजेडाला गेले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. "आता कसं! ह्येला म्हणायचं कुंकू. शेटे, नवं मशीन झ्याक हाय बगा."

"हो," दिगंबर म्हणाला. "चांगलं आहे."

त्यानंतर रोज सकाळी मी अंघोळ करून, लाल टिकली लावून त्याच्यासमोर उभी राहायची आणि विचारायची, "कशी दिसते?" तो खरं सांगायचा. काळी. काळीच. आज जरा तपकिरी वाटते. नाही, काळी. पेपरातली अक्षरं हळूहळू स्पष्ट झाली, पानांचा हिरवा थोडा थोडा परतला, आणि त्या प्रत्येक वेळी आम्ही वेड्यासारखे आनंदलो. लाल तेवढा येईना. मी कुठली कुठली व्रतं केली ते लिहीत नाही. मला स्वतःचीच लाज वाटेल.

वर्ष होत आलं. शेवटच्या तपासणीची तारीख जवळ आली. तोपर्यंत आलं नाही तर पुढे वाट बघू नका, असं कोल्हापूरच्या डॉक्टरबाईंनी मागच्या खेपेला स्पष्टच सांगितलं होतं. गेले काही दिवस मी विचारलं की तो उत्तर द्यायला वेळ लावत होता. माझ्या कपाळाऐवजी माझ्या डोळ्यांकडे बघत होता. म्हणून तपासणीच्या आदल्या सकाळी मी मुद्दाम काळी टिकली लावली. खरोखरची, काळीभोर. का लावली, ते मला आजही धड सांगता येत नाही. त्याने काळी म्हणावं आणि निदान एक दिवस तरी त्याचं उत्तर बरोबर यावं, असं काहीतरी वाटलं असेल.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. "कशी दिसते?"

त्याने बराच वेळ पाहिलं. मग त्याचा चेहरा असा उजळला, जसा मला बघायला आला होता तेव्हा होता.

"लाल," तो म्हणाला. "चारू, लाल दिसते गं!"

"खरंच?"

"अगदी कुंकवासारखी. आता रडू नकोस हां. रोज सकाळी तुझं तोंड बघवत नव्हतं मला."

"नाही रडत," मी म्हटलं. "हो, लालच आहे."

मग मी आत गेले, आरशासमोर उभं राहून ती काळी टिकली काढली, आणि करंड्यातलं कुंकू लावलं, म्हणजे तो म्हणाला ते खरं होईल.